पिवळी खूण माझी नव्हती

प्रिय सुभाष,

तुझं वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलंय. सिल्वासातली आपली खानदेशी मंडळी त्या संध्याकाळी तुझा फोटो मांडून चार शब्द बोलणार आहेत आणि ते चार शब्द लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. म्हणतात, "दाजी, तुमच्याइतकं सुभाषभाऊला कोण ओळखत होतं? त्यांच्या हातून एकही कच्चं काम गेलं नाही, एवढं तरी लिहा बुवा!"

तीन दिवस झाले, वही उघडून बसतोय. 'कै. सुभाष हे' एवढं लिहिलं की पेन अडतं. एक तर तुला 'हे' म्हणायची मला सवय नाही. आणि त्यापुढे जे लिहायचं ते खोटं आहे, सुभाष. तुला ते माहीत होतं. आता मलाही माहीत झालंय.

सकाळी तुझ्या अक्कानं चहा आणून ठेवला आणि समोरच बसली. "काय लिही राहिले तुम्ही? काहीच तर नाही! लोकांसाठी मागून लिहा. आधी त्याच्याशी भांडून घ्या एकदाचं. तुमच्या पोटात अन्न जाईना झालंय."

म्हणून हे पत्र. भांडायला बसलोय. ऐक.

तू इथं आलास तेव्हा तुला मिसरूड फुटत होतं. हातात एक पिशवी. तिच्यात तुझ्या आईनं दिलेली शेव आणि बारावीचा निकाल. तो निकाल तू मला कधीच दाखवला नाहीस! मी तेव्हा रोलच्या कारखान्यात होतो. सातवी पास माणूस, पण मशीनसमोर उभा राहून राहून शिकलेला. पत्र्याची लांबच लांब पट्टी एका बाजूनं आत जायची, रोल तिला थंडच्या थंड दाबत, वाकवत न्यायचे आणि पलीकडून झेडच्या आकाराची पर्लिन बाहेर पडायची. तू ती उचलून बघितलीस. "काय दाजी, ही एवढी पातळ? आणि हिच्यावर छपराचे पत्रे बसवणार?"

मी वहीचा कागद फाडला, घड्या घातल्या, उभा केला आणि त्यावर काड्यापेटी ठेवली. पडली नाही. तू माझ्याकडे असा बघत राहिलास, जणू घडीचा शोध मीच लावला होता!

त्या नजरेवर मी बावीस वर्षं जगलो रे. कारखाना सोडला, आपण दोघांनी शेड उभारायची कामं घेतली. लोक मला मिस्तरी म्हणायचे, काही जण तर इंजिनियरसाहेब म्हणायचे. मी मनातल्या मनात म्हणायचो, जोवर सुभाष मला तसं बघतो तोवर मला कुठल्या कागदाची गरज नाही.

आपल्या कामात सगळा जीव जोडात असतो, हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलं. एक पर्लिन संपते, दुसरी तिच्यावर थोडी चढवायची, त्या चढवलेल्या भागात बोल्ट टाकायचे. तू विचारलंस, "बोल्ट तुटला तर?" मी तुझ्या सदऱ्याचं बटण धरलं आणि जोरात ओढलं. बटण हातात आलं, सोबत कापडाची चिंधीही आली. "बघ, बटण फुटलं का? कापड फाटलं. आपल्या पातळ पत्र्याचंही असंच असतं. बोल्ट शाबूत राहतो, त्याच्याभोवतीचा पत्रा चिरतो. म्हणून बोल्टापेक्षा भोकाला जपायचं." तू सुनंदाकडे तक्रार केलीस, "अक्का, दाजींनी शिकवायच्या नावाखाली माझा नवा सदरा फाडला!"

आणि सामरवरणीच्या खोलीमागचं ते अंगण आठवतं? कोणाकडून वाचून शिकायची सोय नव्हती, म्हणून आपण स्वतःच करून बघितलं. पर्लिनचे तुकडे जोडून दोन सारखे नमुने केले. एकात बोल्टाच्या मापाचं भोक, दुसऱ्यात मुद्दाम मोठं केलेलं. दोन्ही विटांच्या खांबांवर आडवे ठेवले आणि मधोमध वाळूच्या गोण्या टांगल्या. सुतळी ताणून खालची फट बोटांनी मोजली. पहिला दोन बोटं वाकला. दुसऱ्यानं आधी 'टक्' करून आवाज केला, बोल्ट भोकात सरकला आणि तो चार बोटं खाली बसला.

"पण दाजी, तुटलं तर नाही ना!" तू म्हणालास.

"तुटलं नाही, पण बसलं की नाही? वजन पेलणं वेगळं आणि ताठ राहणं वेगळं. बसलेल्या छपरावर पाणी साचतं. जोड सैल असला की वाऱ्यानं रोज थोडा हलतो. हलता हलता भोक वाढतं. मग एक दिवस तुटतंही."

तू मान हलवलीस. मला वाटलं, पटलं. त्या दिवसापासून आपण तो नियम केला, जो इथल्या दुसऱ्या कुठल्याच टोळीत नव्हता. जो आवळतो त्यानं तपासायचं नाही. तू पाना लावून बोल्ट आवळायचास आणि नटापासून पत्र्यापर्यंत लाल रेघ ओढायचास. मग मी माझ्या पान्यानं प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचो आणि शेजारी पिवळी रेघ ओढायचो. पिवळी रेघ नाही तर काम संपलेलं नाही. लोक हसायचे. "दाजी-मेहुण्याची हळद-कुंकवाची पूजा चाललीय वाटतं!" हसू देत. त्या दोन रेघांच्या भरवशावर मी घरी येऊन निवांत झोपायचो.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. सुरंगीच्या आश्रमशाळेचं जेवणाचं शेड अर्धं उभं होतं. मी म्हटलं, थांबू या. तूच म्हणालास, "तुम्ही धुळ्याला जाऊन या निवांत. डोळा आहे तो, काही गंमत आहे का?" परत आलो तोवर वरचे पत्रे चढले होते. डॉक्टरनं महिनाभर वर चढू नका म्हणून बजावलं होतं. मी विचारलं, "पिवळ्याचं काय केलंस?" तू माझ्या काळ्या चष्म्याकडे बघून म्हणालास, "मगनभाईकडून तपासून घेतलं दाजी. त्याला हिरवा रंग दिला. तुमचा रंग कोणाला देईन का मी?"

तुमचा रंग कोणाला देईन का मी! हे वाक्य किती लोकांना सांगितलं असेल मी. मोठ्या कौतुकानं सांगत फिरलो, मूर्खासारखा.

महिन्यापूर्वी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका परब बाईंचा फोन आला. बाई मूळच्या मालवणच्या, बोलणं अगदी नेमकं. "काका, तुमचं शेड दुपारच्या वेळी टकटक करतं हो. मुली ताटं घेऊन पळतात. भूत आहे म्हणतात." मी हसलो. म्हटलं, "भूत नाही बाई, ऊन आहे. उन्हात लोखंड पसरतं." फोन ठेवला आणि घास हातातच राहिला. लोखंड पसरतं हे खरं. पण आवळलेला जोड असा ताटात चमचा आपटल्यासारखा वाजत नाही. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, आपल्या अंगणात.

दुसऱ्या दिवशी सुरंगीला गेलो. शिडी लावली. परब बाई खालून ओरडतायत, "काका, या वयात कशाला? कोणाला तरी पाठवा!" वर गेलो आणि आधी काय दिसलं असेल मला? लाल रेघ. तिच्या शेजारी पिवळी.

हिरवी नव्हे रे. पिवळी! माझा रंग. माझ्यासारखीच, शेवटी जराशी वर उचललेली रेघ. किती वेळा बघितली असशील तू माझी रेघ, म्हणून इतकी हुबेहूब जमली?

बोल्ट उघडला. वॉशर नेहमीपेक्षा मोठा होता. तो काढला आणि खालचं भोक बघितलं. भोक गोल नव्हतंच. गॅसच्या जाळानं फुंकून वाढवलेलं, खारकेच्या बीसारखं लांबट, कडा जळून काळ्या, जस्ताचा थर उडालेला आणि गंज धरलेला. बोल्ट त्यात पुढंमागं खुळखुळत होता. पुढचा उघडला, तसाच. पाचव्या जोडाचं भोक तर पत्र्याच्या कडेपर्यंत चिरत गेलं होतं. त्याच्या बरोबर खाली मुलींच्या जेवणाची रांग बसते, सुभाष.

खाली उतरलो आणि परब बाईंना सांगितलं, आजपासून या शेडमध्ये कोणी बसायचं नाही. मुली तेव्हापासून व्हरांड्यात जेवतात.

तिथून थेट मगनभाईकडे गेलो. गॅसनं लोखंड कापायचं काम आपल्याकडे त्याच्याशिवाय कोण करतं? त्यानं मला बघितलं आणि काही विचारायच्या आधीच रडायला लागला. "काका, मने ना पाडेली. बोलेला, दाजीने खबर नी पडवी जोईए." तू त्याला सांगू नको म्हणून बजावलं होतंस, दाजीला कळता कामा नये! बाकीचंही त्यानंच सांगितलं. मापं तू कारखान्याला पाठवली होतीस. राफ्टरमधलं, म्हणजे पर्लिन ज्यांच्यावर टेकतात त्या तुळयांमधलं, अंतर जुन्या कामाच्या कागदावरून उतरवलंस आणि पर्लिन आल्या त्या चुकीच्या ठिकाणी भोकं पडून. एकावर एक चढवल्या तर भोकावर भोक बसेना. परत पाठवल्या असत्या तर मी धुळ्याहून येऊन विचारलं असतं, हे कसं झालं?

एवढंच? माझ्या एका प्रश्नाला भिऊन?

माप चुकतं रे माणसाचं. माझं चुकलं नाही का? पण तू चूक झाकलीस आणि झाकायला माझा रंग वापरलास. दुसरं काहीही केलं असतंस तर मी म्हटलं असतं, गेला बिचारा, जाऊ दे. माझ्या नसण्याचा तू असा उपयोग केलास! मी डोळ्यावर पट्टी बांधून पडलो होतो आणि तू वर माझ्या हातानं सही करत होतास. एकेका बोल्टावर. हात एकदाही थांबला नाही का?

तू आजारी होतास तेव्हा अकरा दिवस मी तुझ्या खाटेजवळ बसलो. तुझी ज्योती घरी जायची तेव्हा मीच असायचो. बोलायला वेळ नव्हता असं म्हणू नकोस. काविळीनं तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, पण जीभ चांगली चालत होती. नर्सची नक्कल करून दाखवलीस की! आणि एका दुपारी एकदम विचारलंस, "दाजी, सुरंगीचं शेड बरं आहे ना?"

मी काय म्हणालो? "तुझ्या-माझ्या हातचं आहे ते. त्याला काय होतंय!"

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, पोटात कळ आली. आता तोच क्षण मी रोज उलटसुलट करून बघतो. मी तेव्हा गप्प बसलो असतो तर तू सांगितलं असतंस का? का नाहीच? एकदा तरी कुशीवर वळून "दाजी, चुकलो" म्हणाला असतास. मी शिव्या दिल्या असत्या आणि त्याच पावली सुरंगीला जाऊन छप्पर उघडलं असतं. वर्षभर त्या मुली त्याच्याखाली जेवल्या, सुभाष! एक वर्ष!

आता माझी गोष्ट ऐक, तीही काही भूषणाची नाही. शाळेच्या समितीसमोर मला बोलावलं. कोणी तरी जोडाचा फोटो दाखवला. परब बाई हळूच म्हणाल्या, "काका, ही पिवळी खूण तर तुमची ना? तुम्हीच आम्हाला उद्घाटनाला समजावून सांगितलं होतं." सगळे माझ्याकडे बघतायत. तुझं नाव ओठांवर आलं आणि ज्योतीचा चेहरा समोर आला. मी म्हणालो, "हो. खूण माझी."

घरी आलो ते जरा छाती पुढे काढूनच. मेलेल्या मेहुण्याची लाज राखली म्हणून! सुनंदाला सगळं सांगितलं. मला वाटलं, तुझ्यासाठी रडेल. ती रडली. मग पदरानं डोळे पुसून विचारते, "तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो कुठं काम करी राहिला होता?"

मी आठवू लागलो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सामरवरणीचं पॅकिंगचं शेड. आणि त्याआधी, माझे थोरले भाऊ गेले तेव्हा, दुधनीला धरणाच्या पाण्याकाठी मासळी निवडायचं शेड.

"खूण माझी म्हणालात ना? मग सुभ्याच्या बाकीच्या कामावर शंका कोण घेणार आणि सामरवरणीला कोण बघायला जाणार? तिथं बायका काम करतात. सुभ्या माझ्या पाठचा आहे, त्याला मी कडेवर खेळवलंय. पण त्याचं नाव झाकायला मी त्या बायकांच्या डोक्यावर असलं छप्पर ठेवणार नाही. उद्या जा आणि खरं सांगा."

गेलो. समितीला सांगितलं, खूण माझी नव्हती. खोटं का बोललो तेही सांगितलं. परब बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. ज्योतीला मी स्वतः जाऊन सांगितलं, दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. ती म्हणाली, "दाजी, त्यांना तुमची फार भीती वाटायची." मला हे तिच्याकडून कळावं?

मला भीत होतास? खरंच? मी एकदा सगळ्या टोळीसमोर तुझ्या अंगावर टेप फेकला होता, माप चुकलं म्हणून. "अक्कल गहाण ठेवलीस का?" असं ओरडलो होतो. संध्याकाळी तुला भजी आणून दिली आणि मला वाटलं, मिटलं. तू भजी खाल्लीस, हसलास. तुझ्या मनात ते तसंच राहिलं होतं, हे मला कसं दिसलं नाही? माझं चुकलं. पण माझ्यावर राग होता तर माझ्या अंगावर टेप फेकायचा होतास. मुलींच्या डोक्यावरची भोकं का फुंकलीस?

परवा दुधनीला गेलो. शेवटची रांग माझ्या भावाच्या दहनाच्या दिवशी तू एकट्यानं आवळली होतीस. सगळी उघडून बघितली. भोकं गोल, बोल्ट घट्ट, वॉशर मापाचे. प्रत्येक नटावर तुझी लाल रेघ आणि शेजारची जागा मोकळी. मी आल्यावर तपासीन म्हणून ठेवलेली. मीच विसरलो होतो. तिथं वर बसून मी इतका रडलो की खाली जाळी सुकवणारा माणूस विचारतो, "काका, पडलात काय?"

आणि उतरता उतरता राग दुप्पट झाला. म्हणजे जागा मोकळी ठेवायची तुला कळत होतं! तू मुळात तसा नव्हतास, हेच मला सोसत नाही. लबाड असतास तर बरं होतं. मी बावीस वर्षं फसलो म्हणून मोकळा झालो असतो.

सुरंगीसाठी पर्लिनचे नवे तुकडे कारखान्यातून निघालेत, भोकं मी पट्टी लावून तपासलीत. सामरवरणीच्या मालकानं कुरकुर केली, पण बायकांना दुसऱ्या इमारतीत हलवलंय आणि पर्लिनखाली टेकू दिलेत. जोड उघडायला त्यानं फक्त रविवार दिलाय. एका रविवारी दोन रांगा होतील. तिथं काय निघेल, मला माहीत नाही. तुला माहीत आहे आणि तू सांगायला नाहीस.

तर हा माझा शब्द घे. तिथला एकही वॉशर मी न काढता सोडणार नाही. जे निघेल ते मालकाला सांगीन, चांगलं निघालं तरी आणि वाईट निघालं तरी. श्राद्धाच्या संध्याकाळी 'एकही कच्चं काम गेलं नाही' हे वाक्य मी वाचणार नाही. सुरंगीचं सांगीन, दुधनीचंही सांगीन. तुझ्या अंगावर टेप कोणी फेकला तेही सांगीन. मंडळींना आवडलं नाही तर त्यांनी उठून जावं.

तुझ्या पानावर मीच वाढीन. अक्का कळण्याची भाकरी करणार आहे, ठेचा मी वाटीन. पण तुझ्याशी बोलणार नाही. सामरवरणीची शेवटची रांग होईपर्यंत आपला अबोला. बावीस वर्षांत आपण एकदाही धरला नव्हता, त्यामुळे तो कसा धरतात ते मला नीट ठाऊक नाही. जमेल तितका धरीन.

अजूनही तुझाच,
दाजी